महिला बास्केटबॉलमध्ये खरंच करिअर आहे का, की शेवटी रेल्वेत क्लार्कच व्हायचं?

नुसतं "करिअर आहे का" एवढंच विचारलं असतं तर मी वाचून पुढे गेले असते. मुलगी 14 वर्षांची आहे, उंची 5 फूट 10, कोच म्हणतात प्रोफेशनल होईल, पैसा किती मिळतो, अभ्यास कमी करून पूर्णवेळ खेळू द्यावं का, इथपर्यंत ठीक. पण त्याच्याखाली जे लिहिलंय ना, "की शेवटी रेल्वेत क्लार्कच व्हायचं", ते वाचलं आणि लिहायलाच बसले. कारण ती क्लार्क मी आहे. बास्केटबॉलच्या स्पोर्ट्स कोट्यातून लागलेली, आधी बुकिंगच्या खिडकीवर होते, आता ऑफिसात आहे. आणि हेच वाक्य मी सख्ख्या भावाकडून इतकी वर्षं ऐकून राहिले की उत्तरातलं निम्मं त्यालाच जाणार आहे, आधीच सांगून ठेवते.

सरळ सांगायचं तर भारतात बायकांच्या बास्केटबॉलमध्ये प्रोफेशनल म्हणजे रेल्वे. बाकी सगळं आहे म्हणायला. लीग येतात, जर्सी छापतात, उद्घाटनाला नट येतो, दोन सीझननंतर वेबसाइटही उघडत नाही. वर्षभर चालणारी आणि महिन्याच्या महिन्याला पगार देणारी मुलींची लीग आपल्याकडे नाही. सीनियर नॅशनलच्या, म्हणजे मोठ्यांच्या राष्ट्रीय स्पर्धेच्या, महिलांच्या निकालांची यादी काढून बघा, रेल्वे, रेल्वे, रेल्वे, मधूनच एखाद्या वर्षी दुसरं कोणी. गीतू अ‍ॅना जोस रेल्वेची, अनिता पॉलदुराई रेल्वेची, आपल्या पुण्याची शिरीन लिमये जी भारताची कॅप्टन झाली ती पण रेल्वेकडूनच खेळली. 2017 मध्ये बंगळुरूला आशिया कपच्या बी डिव्हिजनची फायनल झाली, कझाकस्तानला 75-73 असं हरवून आपण वरच्या ए डिव्हिजनला गेलो, त्या टीमची कॅप्टन अनिता. तिला 2021 मध्ये पद्मश्री मिळाली. सदर्न रेल्वेची नोकरदार बाई आहे ती. आता तिला पण म्हणा, शेवटी रेल्वेतच.

पैशाचं विचारलंय म्हणून सांगते. स्पोर्ट्स कोट्यात तुम्ही काय खेळलात त्यावर पगाराची लेव्हल ठरते. लेव्हल 2 चं बेसिक 19,900 पासून, 3 चं 21,700, इंटरनॅशनल खेळलेली असेल तर लेव्हल 4 किंवा 5 मिळू शकते, म्हणजे 25,500 किंवा 29,200. त्यावर डीए, एचआरए वगैरे. हे सुरुवातीचं, पुढे मेडलवर इन्क्रिमेंट मिळतात, इंटरनॅशनल मेडल आणलं तर प्रमोशनही लवकर होतं. प्रॅक्टिससाठी अर्ध्या दिवसाची सूट असते, कॅम्पला आणि टूर्नामेंटला स्पेशल लीव्ह मिळते, ती आपल्या रजेतून कापत नाहीत. आता आकडा ऐकून तुम्ही नाक मुरडलं असणार. माझा भाऊ पण मुरडतो.

भाऊ म्हणजे दादा. माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठा, इंजिनिअर, न्यू जर्सीला असतो. मी बारावी झाले तेव्हा माझ्यासमोर दोन गोष्टी होत्या, एक प्रायव्हेट कॉलेजची इंजिनिअरिंगची सीट आणि दुसरी रेल्वेची ट्रायल. दादा तेव्हा पुण्यात नोकरीला लागला होता, तो खास त्यासाठी नागपूरला आला आणि बाबांना समोर बसवून म्हणाला की ही एवढं खेळून काय होणार तर क्लार्क, त्यापेक्षा खेळ सोडू दे आणि डिग्री करू दे. बाबा काही बोलले नाहीत. आई म्हणाली, ट्रायल देऊन तर येऊ दे पोट्टीला. मी नागपूरच्या शिवाजीनगरच्या कोर्टवर लहानाची मोठी झाले, सहावीपासून पहाटे उठून तिथल्या सिमेंटवर गुडघे फोडून घेतले, आणि हा मला सांगून राहिला की खेळ सोड. ट्रायल दिली, झाले सिलेक्ट, विषय संपला.

संपला असं मला वाटलं. पुढे दादा अमेरिकेत गेला आणि तिकडे त्याला बायकांचं बास्केटबॉल सापडलं. आता तो ब्रुकलिनला जाऊन न्यूयॉर्क लिबर्टी या टीमच्या मॅचेस बघतो, 2024 ला लिबर्टीने पहिल्यांदा डब्ल्यूएनबीएचं, म्हणजे अमेरिकेतल्या बायकांच्या प्रोफेशनल लीगचं, टायटल जिंकलं तेव्हा फॅमिली ग्रुपवर याचेच फोटो, हिरवा टी-शर्ट घालून. आणि खाली मला उद्देशून, "याला म्हणतात प्रोफेशनल. तुमचं म्हणजे नोकरी." म्हणजे आधी खेळते म्हणून मी चूक, नंतर नोकरी करते म्हणून चूक. निदान एक काहीतरी ठरव ना बाबा.

तर त्या प्रोफेशनलचं सांगते, कारण तुमच्या कोचच्या डोक्यातही बहुतेक तेच चित्र असेल. 2024 मध्ये डब्ल्यूएनबीएत 12 टीम होत्या आणि एका टीमला जास्तीत जास्त 12 खेळाडू, म्हणजे सगळ्या जगाच्या मुलींसाठी मिळून 144 जागा. त्या वर्षी ड्राफ्टमध्ये, म्हणजे टीम नव्या मुली निवडतात त्यात, 36 मुली घेतल्या. दर वर्षी तेव्हा टीव्हीवर टाळ्या, मिठ्या, आईबाप रडतात, आणि महिनाभराच्या आत ट्रेनिंग कॅम्पमधून त्यातल्या कितीतरी घरी. केटलिन क्लार्क 2024 ला पहिल्या नंबरवर गेली, तिच्यामुळे स्टेडियमं भरायला लागली, तिचा पहिल्या वर्षाचा पगार 76,535 डॉलर. मी दादाला विचारलं, तुझा किती रे? तो म्हणे विषय तो नाही. जाहिरातींचे कोटींचे आकडे वेगळे, मान्य, पण ते एका केटलिन क्लार्कचे. बाराव्या नंबरच्या पोट्टीला बुटाची जाहिरात कोण देतं?

मग या बायका इतकी वर्षं जगल्या कशा? तर तिकडचा सीझन उन्हाळ्यात चार-पाच महिने आणि हिवाळ्यात रशिया, तुर्कस्तान, चीन, जिथे पैसे मिळतील तिथे. डायना टॉरासीने 2015 चा अख्खा डब्ल्यूएनबीए सीझन सोडला कारण रशियातल्या क्लबने तिला आराम करायचे पैसे दिले. बातम्यांत आलं होतं की रशियात तिला साधारण 15 लाख डॉलर आणि घरच्या लीगमध्ये जेमतेम एक लाखाच्या वर. जगातली सगळ्यात भारी गार्ड, म्हणजे बास्केटपासून लांब बॉल हाताळत खेळणारी, आणि पोट भरायला रशियातलं येकातेरिनबर्ग! ब्रिटनी ग्रायनर, ती पण डब्ल्यूएनबीएचीच, त्याच क्लबकडे परत जात होती, फेब्रुवारी 2022 मध्ये मॉस्कोच्या विमानतळावर बॅगेत गांजाचं तेल सापडलं म्हणून पकडली, नऊ वर्षांची शिक्षा ठोठावली आणि डिसेंबरमध्ये कैद्यांच्या अदलाबदलीत सुटली. तिने बॅगेत काय ठेवलं होतं यावर लोक खूप बोलले. ती तिकडे हिवाळ्यात काय करत होती यावर कमी बोलले.

आणि दादाच्या लाडक्या लिबर्टीची ब्रिआना स्टुअर्ट. 2018 ची डब्ल्यूएनबीए एमव्हीपी, म्हणजे त्या सीझनची सर्वोत्तम खेळाडू, तेव्हा सिअ‍ॅटलला होती. एप्रिल 2019 मध्ये हंगेरीत युरोपातल्या क्लबांच्या युरोलीगची फायनल खेळताना, रशियाच्याच दुसऱ्या एका क्लबकडून, तिचं अकिलीस, म्हणजे टाचेच्या मागची स्नायूची दोरी, तुटलं. अख्खा 2019 चा सीझन गेला. लीगने तिला अ‍ॅम्बेसेडर म्हणून वेगळा करार देऊन पैसे चालू ठेवले, कारण ती स्टुअर्ट होती.

हे मला इतकं तोंडपाठ का आहे, तर माझा पण गुडघा गेलाय.

सीनियर नॅशनलच्या आधीचा कॅम्प होता. संध्याकाळचं सेशन, दमलेलो सगळे, पाच विरुद्ध पाच चालू होतं. मी रिबाउंडला उडाले, बॉल हातात आला आणि खाली येताना डावा पाय एका मुलीच्या बुटावर पडला, पाय तिथेच राहिला आणि वरचं अंग फिरलं. आवाज आला. मला वाटलं कोणाची बाटली पडली. पडल्या पडल्या पहिल्यांदा मी बॉल पास केला, हे मला अजून आठवतं आणि हसू येतं, मग दुखायला लागलं. एसीएल, गुडघ्याच्या आतला लिगामेंट. मुलींना हा त्रास मुलांपेक्षा कितीतरी जास्त होतो, तुमच्या कोचनी सांगितलंय का? कंबरेची ठेवण, उतरताना गुडघे आत वळतात, त्याचे वेगळे व्यायाम असतात, वॉर्मअपमध्ये रोज दहा-पंधरा मिनिटं घातले तर धोका बराच कमी होतो. आमच्या वेळी कोणी घातले नाहीत. आम्ही कोर्टला दहा चकरा मारायचो आणि त्यालाच वॉर्मअप म्हणायचो.

गावी आल्यावर ज्या डॉक्टरांनी आधी बघितलं ते म्हणाले, चालता येतंय ना, मग कशाला ऑपरेशन, लग्न झाल्यावर कोण खेळतंय. आई तिथेच होती. ती एवढंच बोलली, "तिला विचारलं का तुम्ही?" आणि मला उठवून बाहेर घेऊन आली. मग रेल्वेकडून सगळं झालं, मांडीच्या मागच्या स्नायूची दोरी काढून आत बसवतात तसं ऑपरेशन, फिजिओ, जवळपास वर्ष गेलं त्यात. त्या वर्षभरात मी एकही मॅच खेळले नाही आणि पगार एकदाही थांबला नाही. काठी घेऊन ऑफिसला जायला लागले तेव्हा मला बसून करायचं काम दिलं. साहेब रोज विचारायचे, किती डिग्री वाकतो आता? अख्ख्या सेक्शनला माझ्या गुडघ्याचा अँगल माहीत होता.

दादाचा फोन आला होता ऑपरेशनच्या आदल्या दिवशी. किती पाठवू, म्हणाला. मनापासून म्हणाला, ते पण सांगायला पाहिजे, तो माणूस वाईट नाही. मी म्हटलं काही पाठवू नको, रेल्वे करतेय. थोडा वेळ काही बोललाच नाही. मग म्हणे, इंजिनिअरिंग केलं असतंस तर गुडघाच गेला नसता.

आता दुसरी बाजू. माझ्याबरोबर स्टेटला एक मुलगी खेळायची, नाव लिहीत नाही. माझ्यापेक्षा चांगली होती, हे मी बरं वाटावं म्हणून नाही म्हणत, तिला पोस्टमध्ये, म्हणजे बास्केटजवळ, अडवायचं म्हणजे मला दोन फाउल ठरलेलेच. तिला एकांनी सांगून ठेवलं होतं की तू थांब, तुला मोठं कॉन्ट्रॅक्ट मिळेल, लीग येणार आहे, नोकरीच्या ट्रायल देत बसू नको, कारकून होशील. ती थांबली. कॉलेज संपलं, लीग आली नाही, आणि एका कुठल्यातरी आमदार चषकाच्या मॅचमध्ये, ओल्या कोर्टवर, तिचा पण गुडघा गेला. तोच लिगामेंट. आयोजकांनी शाल दिली आणि रिक्षा करून दिली. घरी ऑपरेशनचे पैसे नव्हते, आज करू उद्या करू करत राहिलं ते राहिलंच. आज तिला मांडी घालून बसता येत नाही. एका शाळेत पीटी घेते, खुर्चीवर बसून शिट्टी वाजवते. भेटते अधूनमधून, आम्ही बास्केटबॉल सोडून सगळं बोलतो.

त्यामुळे "प्रोफेशनल होईल" असं कोणी म्हटलं की मी एवढंच विचारते, ज्या महिन्यात ती खेळणार नाही त्या महिन्याचा पगार कोण देणार? दादाकडे याचं उत्तर नाही. तो म्हणतो ते मार्केट ठरवतं. अमेरिकेतल्या मार्केटने 1997 पासून ती लीग चालवली, आणि बाळंतपणाला पूर्ण पगार द्यायचं कधी ठरलं, तर लीग आणि खेळाडूंच्या 2020 च्या करारात. त्याआधी निम्म्या पगारावरही भागवायला लागायचं. मला रेल्वेत 180 दिवस पूर्ण पगारी रजा मिळाली, सरकारी नोकरीत ती 2008 पासून आहे. हे मी त्याला ग्रुपवर लिहिलं तेव्हा वहिनीने लाइक केलं, त्याने नाही.

आता तिकडेही बदलतंय, ते नाही म्हणणार नाही. 2024 पासून सगळ्या मॅचेसना चार्टर विमान, त्याआधी साडेसहा फुटी बाया साध्या विमानाच्या सीटवर घड्या घालून बसायच्या. स्टुअर्ट आणि नफीसा कोलिअर या दोघींनी मिळून मायामीला स्वतःची तीन-तीनची लीग काढली, जानेवारी 2025 ला सुरू झाली, हिवाळ्यात परदेशी जायला लागू नये म्हणूनच, आणि तिथे सरासरी पगार दोन लाख डॉलरच्या वर. चांगलंच आहे. पण बघा, ती पण खेळाडूंनीच काढली.

तुमच्या मुलीला डब्ल्यूएनबीए मिळेल का? अजून एकही भारतीय मुलगी तिथे खेळलेली नाही. गीतू अ‍ॅना जोस, 6 फूट 2, चंगनाशेरीच्या कॉलेजातून आलेली, ऑस्ट्रेलियात रिंगवुडकडून खेळून आलेली, तिला 2011 मध्ये शिकागो, लॉस एंजेलिस आणि सॅन अँटोनिओ अशा तीन टीमनी ट्रायलला बोलावलं होतं. करार झाला नाही. आपल्या इतिहासातली सगळ्यात भारी सेंटर, म्हणजे बास्केटखाली खेळणारी उंच खेळाडू. ती परत आली आणि रेल्वेकडून खेळली. तिला कोणी म्हटलं नाही शेवटी रेल्वेतच, निदान तोंडावर तरी नाही, कारण ती समोर उभी राहिली की वर मान करून बोलायला लागतं.

अमेरिकन कॉलेजचा रस्ता मात्र खरा आहे आणि 14 हे त्याचा विचार करायला बरोबर वय आहे. कविता अकुला ग्रँड कॅनियन युनिव्हर्सिटीत स्कॉलरशिपवर खेळली, बंगळुरूची संजना रमेश नॉर्दर्न अ‍ॅरिझोनाला. तिथे फी, राहणं, खाणं, दुखापतीचा इलाज बरंच काही कॉलेज बघतं. अमेरिकेच्या पेज ब्युकर्सचा एसीएल ऑगस्ट 2022 मध्ये गेला, कॉलेजात होती, वर्षभर बसून राहिली आणि 2025 च्या डब्ल्यूएनबीए ड्राफ्टमध्ये पहिली गेली. पण त्यासाठी मार्क लागतात, इंग्लिश लागतं, मॅचचे चांगले व्हिडिओ लागतात. म्हणजे अभ्यास कमी करा हा जो सल्ला मिळालाय तो दोन्हीकडून चुकीचा. रेल्वेत पण लेव्हल 2-3 ला बारावी लागते आणि 4-5 ला डिग्री. आमच्याकडे इंटरनॅशनल खेळलेली एक मुलगी डिग्री अर्धवट म्हणून खालच्या लेव्हलवर लागली, तिच्याएवढं न खेळलेली तिच्या वर. आणि भरतीचं वय 18 ते 25, त्यात सूट नाही, त्यामुळे "आधी चार वर्षं खेळू, मग बघू" हे चालत नाही. सर्टिफिकेटं सगळी, अगदी सब-ज्युनियरपासूनची, लॅमिनेट न करता फाइलमध्ये ठेवा. अख्ख्या उत्तरातलं सगळ्यात उपयोगाचं वाक्य हेच असेल कदाचित.

आता रेल्वेची एवढी आरती केली तर दुसरं पण सांगते, नाहीतर माझ्याच ऑफिसातल्या हसतील. जागा फार कमी असतात. एखाद्या झोनला महिला बास्केटबॉलच्या एका वर्षी दोन निघतात, पुढची दोन वर्षं एकही नाही. कधी त्यांना गार्ड हवी असते आणि तुम्ही सेंटर, मग घरी जा. पोस्टिंग कुठेही. खेळ संपला की खरी नोकरी सुरू होते, पूर्ण ड्युटी, खिडकीवर गर्दी, सुट्ट्या पैशावरून भांडणं, आणि तोपर्यंत तुमच्या मागून लागलेले डिपार्टमेंटची परीक्षा देऊन वर गेलेले असतात, कारण तुम्ही कॅम्पला होता तेव्हा ते अभ्यास करत होते. गुडघ्यानंतर मी परत खेळले पण बेंचवरून, पहिली फास्ट ब्रेक मारायची मुलगी मी राहिले नव्हते. चांगल्या मुली रेल्वेत पोचल्यावर सुस्तावतात, हे पण बघितलंय, नोकरी पक्की झाली की वजन वाढतं. म्हणजे दादाचं अगदीच सगळं खोटं नाही. पण तो हे वाचेल म्हणून जास्त लिहीत नाही.

राज्य सरकारच्या नोकऱ्यांमध्ये 5 टक्के खेळाडू आरक्षण आहे, ते पण बघून ठेवा. त्यात सर्टिफिकेट पडताळणीचं झेंगट असतं, म्हणून परत, फाइल.

उंचीबद्दल एक राहिलंच. 5 फूट 10 म्हणजे आपल्या जिल्ह्यात ती सगळ्यांच्या वर दिसत असेल आणि कोचनी तिला नक्की बास्केटखाली उभी करून ठेवली असेल, हात वर कर, बॉल घे, टाक. शाळेच्या मॅचेस त्याने जिंकता येतात. पण केटलिन क्लार्क 6 फूट आहे आणि ती गार्ड खेळते. बाहेर 5 फूट 10 ला कोणी सेंटर खेळवत नाही, आणि आपली पोट्टी 18 ची होते तेव्हा तिला धड ड्रिबल येत नसतं, कारण सहा वर्षं तिला कोणी बॉल खाली आपटूच दिलेला नसतो. उद्या प्रॅक्टिसला जाऊन बाहेरून बघा, ती डाव्या हाताने बॉल घेऊन पूर्ण कोर्ट पार करते का. करत नसेल तर कोचना विचारा का नाही. "तिची उंची आहे ना, तिला गरज नाही" असं म्हणाले तर दुसरा कोच शोधा, आणि या महिन्यातच शोधा.